धोका, दुर्बलता आणि जोखीम: माहिती-सुरक्षेच्या प्राथमिक संज्ञांमधील सीमारेषा कशा आखाव्यात?

अभिलेखपाल (प्रश्न)

नमस्कार. मी एका संस्थेच्या अभिलेख विभागात काम करतो. माझे शिक्षण संगणकशास्त्राचे नाही. परंतु आमच्याकडील बहुतेक नोंदी आता संगणकावर गेल्यामुळे नव्या कर्मचाऱ्यांसाठी माहिती-सुरक्षेची तोंडओळख करून देणारे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी बरेच वाचन केले, व्याख्या उतरवून घेतल्या; मात्र त्या पाठ झाल्या तरी एक संज्ञा कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे मला सांगता येत नाही.

पहिली अडचण थ्रेट, व्हल्नरेबिलिटी आणि रिस्क यांची. टिपणात मी त्यांना धोका, दुर्बलता आणि जोखीम असे म्हणतो आहे. कालबाह्य सॉफ्टवेअर हे एका ठिकाणी धोक्यांच्या यादीत सापडले, दुसऱ्या ठिकाणी दुर्बलतांच्या यादीत आणि तिसऱ्या ठिकाणी जोखमीच्या तक्त्यात. यांपैकी बरोबर काय मानावे?

दुसरी अडचण गोपनीयता (माहिती परक्याला न कळणे), अखंडता (ती परवानगीविना न बदलणे) आणि उपलब्धता (हवी तेव्हा ती मिळणे) या त्रयीची. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानांवर ती येते, पण पुढची चर्चा जवळजवळ सगळी गोपनीयतेभोवतीच फिरते. यंत्रणा चालू ठेवणे हे देखभालीचे काम वाटते. ते सुरक्षेत का मोडते? आणि ही त्रयी पुरेशी आहे का?

तिसरी अडचण अगदी व्यवहारातली आहे. आम्हाला सॉफ्टवेअर पुरवू इच्छिणाऱ्या दोघांपैकी एकाने पासवर्ड ‘एन्क्रिप्ट करून’ ठेवतो असे लिहून दिले आहे, तर दुसऱ्याने ‘हॅश करून’. साठवलेली अक्षरे दोन्हीकडे वाचण्यापलीकडची दिसतात. तेव्हा निवड कशाच्या आधारावर करावी?

जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पहारा

आपण सांगितलेल्या तीन संज्ञांच्या आधी मी आणखी एक संज्ञा ठेवीन, कारण ती गाळली की उरलेल्या तिन्ही अधांतरी राहतात. ती म्हणजे ॲसेट, अर्थात जे जपायचे आहे ते. आपल्या विभागात तो नोंदींचा डेटाबेस असेल, त्या नोंदींवर विसंबून दिले जाणारे दाखले असतील, किंवा त्यांच्यावरचा लोकांचा विश्वास असेल. जपायचे काय हे एकदा ठरले, की त्याला अपाय करू शकणारे कारण म्हणजे धोका. त्या कारणाला वाट मोकळी करून देणारी आपल्याकडची उणीव म्हणजे दुर्बलता. आणि ते कारण त्या वाटेने येण्याची शक्यता व आल्यास होणारे नुकसान या दोहोंचा मिळून केलेला अंदाज म्हणजे जोखीम. धोका बहुधा आपल्या हातात नसतो, दुर्बलता बऱ्याच अंशी असते, आणि निर्णय मात्र नेहमी जोखमीविषयी घ्यावा लागतो. या हिशेबाने कालबाह्य सॉफ्टवेअर ही दुर्बलता आहे. तिला धोक्यांच्या यादीत टाकले, तर ती दूर करण्याची जबाबदारी आपली आहे हेच नजरेआड होते.

टिपणात नुसत्या व्याख्या देण्यापेक्षा एकच घटना घेऊन प्रत्येक संज्ञा तिच्यात कुठे बसते ते दाखवावे, असे मी आग्रहाने सुचवीन. ‘वॉनाक्राय’ची घटना त्यासाठी फार उपयोगी आहे. विंडोजमध्ये संगणकांनी एकमेकांच्या फाइली वापरण्यासाठी जी एसएमबी नावाची यंत्रणा आहे, तिच्या पहिल्या आवृत्तीत एक गंभीर दोष होता आणि १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने तो दुरुस्त करणारा पॅच प्रसिद्ध केला. हा दोष म्हणजे दुर्बलता. तिचा क्रमांक सीव्हीई-२०१७-०१४४ असा आहे. असे क्रमांक देणारी सामाईक यादी मायटर ही संस्था १९९९ पासून चालवते. ठीक महिन्याभराने, १४ एप्रिलला, त्या दोषाचा फायदा उठवणारे ‘इटर्नलब्लू’ हे तयार साधन इंटरनेटवर उघड झाले. अशा साधनाला एक्स्प्लॉइट म्हणतात. १२ मे रोजी त्याच साधनाच्या आधाराने ‘वॉनाक्राय’ नावाचे, आपोआप पसरणारे, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर मोकाट सुटले आणि सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ते सॉफ्टवेअर आणि ते सोडणारे लोक हा धोका.

आता या घटनेत जोखीम कुठे दिसते ते पाहण्याजोगे आहे. पॅच न बसवलेला एखादा संगणक १५ मार्चला जेवढा दुर्बल होता तेवढाच तो १२ मे रोजी होता. त्याच्यात तसूभरही बदल झाला नव्हता. तरीही त्याची जोखीम १४ एप्रिलनंतर एकदम वाढली, कारण हल्ल्याची शक्यता वाढली. त्याच दिवशी कोणत्याही नेटवर्कला न जोडलेल्या तशाच दुसऱ्या संगणकाची जोखीम जवळजवळ शून्य होती, कारण त्याच्यापर्यंत वाटच नव्हती. उलट इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८० न्यासांच्या (रुग्णालये व आरोग्यसेवा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांच्या) कामावर या हल्ल्याचा परिणाम झाला, रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या आणि ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. दुर्बलता एकच, धोका एकच. पण कुठे कोणाचे काय अडले त्यानुसार जोखीम निरनिराळी ठरली.

याच कारणामुळे दुर्बलतेच्या तीव्रतेला दिलेले गुण जोखमीच्या रकान्यात तसेच्या तसे उतरवू नयेत. सीव्हीएसएस या पद्धतीत ० ते १० असे गुण देतात. तिचा मूळ गुण दोष किती गंभीर आहे एवढेच सांगतो. तो दोष आपल्याकडे कुठे आहे आणि त्याच्या मागे काय ठेवलेले आहे, हे त्या गुणाला ठाऊक नसते.

जोखीम ठरल्यावर चार मार्ग असतात: ती निर्माण करणारे कामच बंद करणे, उपाय योजून ती कमी करणे, विम्यासारख्या करारातून तिचा आर्थिक भार दुसऱ्याकडे सोपवणे, किंवा जाणूनबुजून ती स्वीकारणे. उपायांनंतरही जी शिल्लक राहते तिला उर्वरित जोखीम म्हणतात, आणि ती कोणी स्वीकारली याची नावानिशी नोंद असावी. ती नसेल तर जोखीम स्वीकारली गेली असे म्हणता येत नाही. ती नुसतीच पडून राहिलेली असते.

बीजांक

पासवर्डच्या प्रश्नावर लिहितो. एन्क्रिप्शन उलटवता यावे यासाठीच केलेले असते: योग्य किल्ली असली की मूळ मजकूर परत मिळतो. हॅशिंग म्हणजे मजकुरापासून ठरावीक लांबीचा आकडा काढणे. त्याला किल्ली नसते आणि परतीचा मार्गही नसतो. एसएचए-२५६ या हॅशमध्ये एक शब्द घाला की अख्खा ग्रंथ घाला, बाहेर नेहमी २५६ बिट्सच पडतात, आणि आत एक अक्षर बदलले तरी बाहेरचा सगळा आकडा बदलून जातो.

यंत्रणेला आपला पासवर्ड पुन्हा वाचण्याची गरजच नसते. आत्ता टाइप केलेला शब्द पूर्वीच्या शब्दाशी जुळतो का, एवढेच तिला तपासायचे असते, आणि त्यासाठी दोन हॅश ताडून पाहणे पुरते. पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवणाऱ्याला किल्ली कुठेतरी ठेवावी लागते, आणि सर्व्हरमध्ये शिरलेल्या चोराला बहुतेक वेळा तीही सापडते. पुष्कळदा किल्लीचीही गरज पडत नाही. २०१३ मध्ये अडोबी कंपनीच्या ग्राहकांचे पासवर्ड चोरीला गेले, ते एन्क्रिप्ट केलेले होते. पण पद्धत अशी होती की सारख्या पासवर्डचे रूपांतरही सारखेच दिसे, आणि शेजारी ग्राहकांनी स्वतः लिहिलेले ‘आठवणीचे संकेत’ उघड्या अक्षरांत होते. एकाच पासवर्डच्या शेकडो मालकांचे संकेत एकत्र वाचले की तो ओळखणे सोपे होते.

मात्र ‘हॅश करतो’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख पासवर्ड-हॅश इंटरनेटवर आले. ते साध्या एसएचए-१ चे आणि सॉल्ट न घातलेले होते, त्यामुळे नेहमीच्या शब्दांचे हॅश काढून ताडून पाहणाऱ्यांनी त्यांतले पुष्कळसे भराभर उलगडले. सॉल्ट म्हणजे प्रत्येक खात्यासाठी वेगळा, यादृच्छिक निवडलेला आणि हॅश काढण्यापूर्वी पासवर्डला जोडलेला मजकूर. दोघांचा पासवर्ड योगायोगाने एकच निघाला तरी सॉल्टमुळे त्यांचे हॅश वेगळे पडतात, आणि हल्लेखोराला प्रत्येक खात्यावर स्वतंत्र मेहनत करावी लागते. ही कल्पना रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीच्या संदर्भात १९७९ मध्येच मांडलेली आहे. दुसरी गरज संथपणाची. एसएचए-२५६ मुद्दाम वेगवान बनवलेला आहे आणि पासवर्डच्या बाबतीत तोच त्याचा दोष ठरतो, कारण हल्लेखोराला भराभर अंदाज लावून पाहता येतात. म्हणून बीक्रिप्ट, एसक्रिप्ट किंवा २०१५ च्या पासवर्ड-हॅशिंग स्पर्धेत विजयी ठरलेला अर्गॉन२ अशी हेतुपुरस्सर वेळखाऊ फलने, म्हणजे हॅश काढण्याच्या पद्धती, वापरतात.

तेव्हा दोन्ही पुरवठादारांना विचारावे की फलन कोणते, सॉल्ट प्रत्येक खात्याला वेगळा आहे का, आणि पासवर्ड विसरल्यास काय होते. विसरलेला जुनाच पासवर्ड ई-मेलने परत येत असेल, तर तो उलटवता येण्याजोग्या रूपात साठवलेला आहे हे सिद्ध होते. पुरवठादार ‘आमची स्वतःची गुप्त पद्धत आहे’ असे सांगू लागला तर ती नाकारावी. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी यंत्रणेला बाधा येता कामा नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली, हे ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी संदेशांविषयी लिहून ठेवले आहे आणि आजचे सर्व प्रतिष्ठित अल्गोरिदम त्याच तत्त्वावर जाहीरपणे तपासले जातात. बेस६४ सारख्या एन्कोडिंगला तर यात स्थानच नाही. ते कोणालाही किल्लीविना उलटवता येते.

अखंडतेविषयी एक बाब येथेच सांगतो, कारण तिचा हॅशशी संबंध आहे. डाउनलोडच्या पानावर फाइलशेजारी तिचा हॅश दिलेला असतो. प्रवासात फाइल बिघडली तर तो उपयोगी पडतो. परंतु ज्याने त्या पानाचाच ताबा घेतला त्याला फाइल आणि हॅश दोन्ही बदलता येतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या कार्यप्रणालीच्या संकेतस्थळात शिरून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवाच छुपा दरवाजा ठेवलेल्या आपल्या प्रतीकडे वळवला होता. अशा वेळी डिजिटल सही, म्हणजे गुप्त किल्लीने केलेली आणि कोणालाही पडताळता येणारी खूण, लागते, कारण सही करणारी खासगी किल्ली त्या सर्व्हरवर नसते, निदान नसावी. सहीमुळे सही करणाऱ्याला नंतर कानांवर हातही ठेवता येत नाहीत. त्या गुणाला नॉन-रिप्युडिएशन म्हणतात.

मध्यरात्रीची पाळी

वर ‘पहारा’ यांनी लिहिलेले बहुतांशी पटते, परंतु धोका बहुधा आपल्या हातात नसतो हे वाक्य टिपणात तसेच जाऊ नये. धोका म्हटला की हल्लेखोर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात आग, पूर, वीज जाणे आणि आपल्याच माणसाचा चुकलेला आदेश हेही धोकेच आहेत, आणि शेवटचा प्रकार प्रशिक्षणाने व कामाच्या चांगल्या रचनेने पुष्कळ कमी करता येतो.

उपलब्धता सुरक्षेत का, या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एका मोठ्या डेटा सेंटरची इमारत आगीत जळाली. ज्या ग्राहकांची बॅकअप-प्रत त्याच आवारात होती त्यांपैकी काहींचा डेटा कायमचा गेला. त्यात कोणी काही चोरले नाही, कोणी काही वाचले नाही. तरीही ज्यासाठी ती माहिती जपली होती तो हेतू संपला. खंडणीखोर सॉफ्टवेअरही सुरुवातीला नेमका याच गुणावर घाव घालत असे: माहिती तुमच्याच संगणकात राहते आणि तुम्हालाच उघडता येत नाही.

बॅकअपविषयी दोन संज्ञा टिपणात अवश्य घ्याव्यात. किती वेळापर्यंतचे काम गमावणे आपल्याला परवडेल याला आरपीओ म्हणतात, आणि किती वेळात यंत्रणा पुन्हा उभी राहिली पाहिजे याला आरटीओ. रात्री एकदाच प्रत काढणाऱ्या विभागाचा आरपीओ जवळजवळ एक दिवसाचा असतो, मग कागदावर काहीही लिहिलेले असो. प्रत काढली जाते आहे यावरूनही काही सिद्ध होत नाही. ती परत चढवून पाहिलेली असावी लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा प्रत राखण्याच्या अनेक व्यवस्थांपैकी बहुतेक चालतच नव्हत्या असे आढळले आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सारे स्वतः जाहीर केले, म्हणून ते शिकवण्यासाठी वापरता येते.

त्रयीतले तीन गुण एकमेकांना नेहमी पूरक असतात असे मात्र समजू नये. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यास खाते बंद करायचे, हा नियम गोपनीयतेसाठी आहे. पण त्याच नियमाच्या आधारे कोणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून तुमच्या सर्व कर्मचाऱ्यांची खाती ऐन कामाच्या वेळी बंद पाडू शकतो. अशा ठिकाणी कोणत्या गुणाला किती झुकते माप द्यायचे हे त्या-त्या कामावरून ठरवावे लागते.

त्रयी पुरेशी आहे का, यावर मतभेद आहेत. माहिती-सुरक्षेचे अभ्यासक डॉन पार्कर यांनी १९९८ मध्ये तिच्यात ताबा, अस्सलपणा आणि उपयुक्तता हे आणखी तीन गुण जोडले. किल्ली हरवलेली एन्क्रिप्टेड फाइल घ्या: ती गोपनीय आहे, जशीच्या तशी आहे, समोर उपलब्धही आहे, आणि तरीही निरुपयोगी आहे. माझ्या मते नवख्यांसाठी त्रयी पुरे. फक्त हे उदाहरण जोडून द्यावे.

अभिलेखपाल

तिघांचेही मनापासून आभार. जोखीम काळानुसार बदलते आणि दुर्बलता तशीच राहते, हे उदाहरण वाचल्यावर तिन्ही रकाने स्पष्ट झाले.

ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन यांविषयी विचारायचे राहिले. दोन्ही गोष्टी लॉगिनच्या वेळी एकदाच होतात असे दिसते. मग त्या वेगळ्या का मोजायच्या? शिवाय आमच्या विभागात नोंदी दुरुस्त करण्यासाठी सर्वांचे मिळून एकच खाते आहे. हे अयोग्य आहे असे मला वाटते, पण वरिष्ठांना त्यात नेमका कोणत्या तत्त्वाचा भंग होतो हे सांगता आले पाहिजे.

हिशेबनीस

त्या एकाच वेळी होत नाहीत, आणि तसे समजून बनवलेल्या यंत्रणा असुरक्षित निघतात. आपण वापरकर्त्याचे नाव टाइप करता तेव्हा फक्त ओळख सांगता. पासवर्ड किंवा फोनवरचा कोड देऊन ती ओळख पटवता, हे ऑथेंटिकेशन. येथे दोन घटक हवेत असे म्हणतात तेव्हा ते दोन वेगळ्या जातीचे असावे लागतात, म्हणजे माहीत असलेले, जवळ बाळगलेले आणि शरीराशी निगडित यांपैकी दोन. दोन पासवर्ड हा एकच घटक होतो. त्यानंतर आपण एखादी नोंद उघडता, तेव्हा ती उघडण्याची परवानगी या व्यक्तीला आहे का हे तपासणे म्हणजे ऑथरायझेशन, आणि ते प्रत्येक नोंदीला, प्रत्येक वेळी व्हायला हवे. समजा पत्त्याच्या पट्टीत नोंद क्रमांक ४१२ दिसतो आहे आणि तेथे ४१३ लिहिताच दुसऱ्याचीच नोंद उघडते. तर लॉगिन निर्दोष असूनही ऑथरायझेशन फसलेले आहे. ओवास्प या वेब-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या यादीत वेब-अनुप्रयोगांच्या दोषांमध्ये पहिले स्थान याच प्रकाराला दिलेले आहे. प्रत्येक वेळी तपासावे आणि कामापुरताच अधिकार द्यावा, ही दोन्ही तत्त्वे सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडली.

सामाईक खात्यात भंग होतो तो अकाउंटेबिलिटीचा, म्हणजे कृतीचा माग व्यक्तीपर्यंत लावता येण्याचा. आपल्या लॉगमधली, म्हणजे यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या कृतींच्या नोंदवहीतली, ओळ ‘दुरुस्ती-खाते, ११:४२, नोंद ४१२, जन्मवर्ष बदलले’ अशी असणार. ती ओळ खरी आहे, वेळही खरी आहे, पण त्या खात्यामागे त्या क्षणी कोण बसले होते हे तिच्यातून कधीच कळणार नाही. आणि चूक झालेली असो वा लबाडी, संशय विभागातल्या प्रत्येकावर सारखाच राहील. अभिलेख विभागात अखंडतेचा पुरावा लॉगमधूनच द्यावा लागतो, म्हणून हा मुद्दा वरिष्ठांपुढे पहिल्यांदा ठेवावा. दुसरा मुद्दा असा, की विभागातला एक जण बदलून गेला तरी त्याला पासवर्ड माहीत राहतो, आणि तो बदलायचा तर उरलेल्या सर्वांना एकाच वेळी कळवावा लागतो. त्यामुळे तो बहुधा बदललाच जात नाही.

हे सुधारताना सामाईक खाते एका दिवसात बंद करू नये. आधी प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडून त्याला ‘फक्त पाहणे’, ‘दुरुस्ती सुचवणे’ आणि ‘दुरुस्ती मंजूर करणे’ यांपैकी लागेल तेवढीच भूमिका द्यावी, आणि सुचवणारा व मंजूर करणारा एकच असू नये. मग जुन्या खात्याचा लॉग पाहून त्यावर अजून कोणते काम चालते आहे ते शोधावे. एखादा आपोआप चालणारा अहवाल त्याच पासवर्डवर अवलंबून असल्याचे पुष्कळदा तेव्हाच उघडकीस येते. ती कामे हलवल्यावर खाते निष्क्रिय करावे, पण पुसू नये, कारण जुन्या नोंदींमध्ये त्याचे नाव राहणार आहे. आणीबाणीसाठी एखादे खाते ठेवणे भागच असेल, तर त्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात ठेवावा, आणि ते वापरले जाताच दोन वरिष्ठांना सूचना जाईल अशी व्यवस्था पुरवठादाराकडून करून घ्यावी.